धिंगरीची खोली

मास्तरांनी उभा जन्म शाळेत जीवशास्त्र शिकवलं. काकूंचा उभा जन्म चूल, धुणं आणि सासूबाईंच्या आजारपणात गेला. मास्तर निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी मागची अडगळीची खोली रिकामी केली आणि काकूंना धिंगरी अळंबी लावायला शिकवली. भिजवून उकळलेला पेंढा पिशव्यांत भरायचा, थराथरांत बियाणं टाकायचं आणि खोली ओलसर, अंधारी ठेवायची. हळूहळू पेंढ्यावर पांढरं जाळं पसरायचं. मग पिशव्यांच्या भोकांतून करड्या, कानासारख्या अळंब्या डोकावायच्या.

एकदा मास्तरांनी त्या जाळ्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. केसाहून बारीक एक कृमी वळवळत आला, पांढऱ्या तंतूला लागला आणि जागीच थंडावला. काही वेळाने तंतू त्याच्या तोंडातून आत शिरू लागले.

"अगंबाई! दिसायला गरीब गाय, आणि हिचे हे धंदे?" काकू म्हणाल्या.

"नुसत्या पेंढ्यावर भागत नाही बिचारीचं," मास्तर हसले.

हा हा म्हणता काकूंच्या अळंब्यांचं नाव झालं. दारात गिऱ्हाइकं येऊ लागली. ज्या बाईने आयुष्यात कुणाला 'नको' म्हटलं नव्हतं, ती आता "आज संपल्या, परवा या" असं ठणकावून सांगायची. पिशव्यांवर पाणी मारताना गाणं गुणगुणायची. तोडणी मात्र मास्तरांची.

मग मास्तरांना खोकला लागला. संध्याकाळी अंगात कणकण असायची. काकू काळजीत पडल्या की म्हणायचे, "वय झालं, दुसरं काय." लेकीकडे राहायला गेले की खोकला पळायचा; घरी आले की पुन्हा ठाण मांडून बसायचा. त्यांनी दुखणं अंगावर काढलं. शेवटी जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागायला लागली, तेव्हा लेक त्यांना ओढूनच दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी छातीचे फोटो उजेडात धरले. अळंबीतून न दिसणारी भुकटी उडते, काहींच्या फुप्फुसांना ती सोसत नाही, असं त्यांनी सांगितलं. "वेळेत लांब झाला असतात, तर बरे झाला असतात."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"संशय होता."

"मग तोंडातून ब्र का नाही काढलात? जाळली असती ती खोली!"

"तू गात होतीस तिथे," मास्तर थांबत थांबत म्हणाले. "आपल्या सगळ्या संसारात मी तुला कधी गाताना ऐकलं नव्हतं."

काकूंनी घरी येऊन तोंडाला फडकं बांधलं आणि सगळ्या पिशव्या गावाबाहेरच्या खड्ड्यात पुरल्या. खोली चुन्याने पांढरी केली, खिडक्या सताड उघडल्या. मास्तर त्यानंतर थोडेच दिवस राहिले, नाकाला नळी लावून, बसल्या बसल्या डुलक्या घेत. काकू त्यांना गाऊन दाखवायला बसायच्या, पण दुसऱ्या ओळीला आवाज फुटायचा नाही.

मास्तर गेले, त्याचं दुःख काकूंनी गिळलं. राग मात्र गिळला नाही. कुणी कौतुकाने म्हणालं, "केवढा जीव होता त्यांचा तुमच्यावर!" की त्या फटकन म्हणायच्या, "जीव होता तर जगायचं होतं. मी स्वयंपाकघरातही गायले असते."