चोविसाची वाट

राव सारना कोणी फोन नंबर सांगितला, की तो लिहून घेण्याआधी त्याला तीनने भाग जातो का, ते पाहत. मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी कौतुकाने नवी गाडी दाखवली, तर हे नंबरपाटीकडे बघून म्हणाले, "तेरानं तुटतो." व्याही जेवण होईपर्यंत घुश्शात होते. तंजावूरच्या कॉलेजात गणित शिकवताना वर्षानुवर्षे मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलो होतो, त्यामुळे मला नवल वाटले नाही.

वर्गातले त्यांचे वाक्य ठरलेले. "नंबर मोठा म्हणून भ्यायचं नाही पा. तुटणारा असला, तर त्याला तोडणारा लहानच असतो." पोरे त्यांची नक्कल करीत आणि परीक्षेत तेच वाक्य वापरीत.

निवृत्तीनंतर बायको गेली आणि त्यांनी ९९९९०००१ ही संख्या धरली. ती अविभाज्य आहे, हे पुस्तकांत छापलेले आहे. फोनही क्षणात सांगतो. "दुसऱ्यानं जेवलं म्हणून माझं पोट भरतं का?" असे म्हणत ते ओट्यावर पाटी घेऊन बसत. दहा हजारांच्या आतली एकेक अविभाज्य संख्या घ्यायची, भाग जातो का पाहायचे, पाटी पुसायची. मुलगी मीना चेन्नईला बँकेत. ती दर आठवड्याला बसने त्यांना कायमचे न्यायला यायची आणि रविवारी एकटीच परतायची. "हा नंबर संपला की येतो," एवढाच शब्द त्यांनी दिला होता.

एका संध्याकाळी पाहिले, तर ते दोन हजार तीनने भागत होते. मला राहवेना. "सार, हिला तोडणारी अविभाज्य संख्या असलीच, तर तिला चोविसानं भागून एकच उरणार. तेवढ्याच तपासा ना. काम आठव्या हिश्शावर येईल."

"मज ठाऊक आहे पा," ते मान वर न करता म्हणाले. "लवकर संपवून काय करूं? तिथं बाराव्या मजल्यावर संध्याकाळी कोणाशी बोलूं? इथं निदान मीनाच्या अम्माची खुर्ची आहे."

मी शेजारी टेकलो. गुडघे दुखत होते, उकडत होते, आणि घरी जायची घाई मलाही नव्हतीच.

मग एका रविवारी मीना ओट्याच्या खांबाला टेकल्या टेकल्या झोपली. हातातला कॉफीचा टंबलर कलंडला, ओढणी भिजली, तरी तिला जाग आली नाही. राव सार बराच वेळ तिच्या सुजलेल्या पावलांकडे बघत राहिले. "हिची अम्मा पण अशीच बसल्या बसल्या झोपायची," ते हळूच म्हणाले. "मी भागाकार करीत होतों." त्यांनी पाटी पुसली आणि वरच्या कोपऱ्यात चोवीस लिहिले.

पुढच्या रविवारी मीना पायरी चढते न चढते तोच ते म्हणाले, "नाही तुटत तो. पेटी भर."

"खरंच, अप्पा? की माझ्यासाठी सांगतां?"

"नंबराबद्दल मी खोटं बोलेन होय ग?"

ते खरेच होते. दुसरा कोणी असता तर केव्हाच 'संपला' म्हणून मोकळा झाला असता. यांना तेवढेही जमण्यासारखे नव्हते, म्हणून आठवडाभर मान मोडून बसले होते.

बसस्टँडवर त्यांची पिशवी वर देताना मी काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, "सार, घाईत कुठं चुकलं नाही ना?"

"नाही पा," ते म्हणाले. "पण फार लवकर संपला."

बस सुटण्याआधीच मीनाला त्यांच्या खांद्यावर झोप लागली होती. तिला जाग येऊ नये म्हणून त्यांनी मला हातसुद्धा केला नाही.