माझ्या भिंतीवर पाण्याचा पिक्चर

मला न विचारता आज सरकारी गाडीवाल्यानं माझ्या घराच्या भिंतीवर पिक्चर दाखवला. तिघी लेकींनो, आशीर्वाद.

पिक्चर हुता पाणी उकळून प्यावं म्हनून सांगनारा. त्यातली बाई दिसायला बरी, पण नुसते हात धुवायला अर्धा हंडा सांडत हुती. सगळं गाव तिचं तोंड सोडून हंड्याकडं बघत बसलं.

गाडीवाल्यानं विचारलं, "आजी, कसा वाटला?"

म्हनलं, "लई चांगला. त्या बाईचं पाणी कुठनं येतं तेवढं सांग."

तो हसला अन् गाडी घेऊन गेला. टँकर वीस दिवस आलेला न्हाई. तुमची भाची सुमी डबक्यातलं पाणी पिती, पंधरा दिवस जुलाब थांबत न्हाईत. इथं ऱ्हायली तर वाचायची न्हाई.

थोरले, तुझ्या विहिरीला पाणी हाय. तिला घेऊन येऊ का? दोन पत्रं झाली, तू गप. धाकट्या दोघींनी मधी लिहू नये. उत्तर तूच द्यायचं, सासूकडनं नको.