बघू मिस्त्री

सायकल कधी मिळेल, या प्रश्नाचं उत्तर मिस्त्रींनी मला चार वर्षांत एकदाही दिलं नाही. हातातलं काम न थांबवता, मान वर न करता ते एवढंच म्हणायचे, "बघू." सकाळी विचारा, संध्याकाळी विचारा, गोडीत विचारा नाहीतर चिडून विचारा, तेच. चिंचवड स्टेशनाजवळ लाकडाच्या वखारीला लागून त्यांची सायकल-दुरुस्तीची पत्र्याची शेड होती. सगळं गाव त्यांना बघू मिस्त्री म्हणे. त्यांचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पंचावन्न-छप्पनचा सुमार होता तो. पिंपरीच्या बाजूला नवे कारखाने उभे राहत होते. माझ्या यजमानांना त्यांतल्या एकात काम लागलं, म्हणून आम्ही नगरकडून येऊन चिंचवडला बिऱ्हाड केलं. मला चिखलीच्या प्राथमिक शाळेत नोकरी मिळाली. जायला चार मैल, यायला चार मैल. यजमानांनी पुण्याहून एक जुनी लेडीज सायकल आणून दिली. सायकलवर बाईमाणूस दिसलं की सुरुवातीला लोक थांबून बघत. पुढे कंटाळले. ब्रेक मात्र रोज किंचाळायचा, म्हणून मी मिस्त्रींकडे गेले.

"ब्रेकची रबरं तेवढी बदला," मी सांगितलं. चौथ्या दिवशी बघते तर सायकल उताणी पडलेली, पुढचं चाक निखळलेलं आणि आतल्या बारीक गोळ्या रॉकेलच्या ताटलीत.

"अहो, मी फक्त रबरं म्हटलं होतं!"

"रबरं बरी हायत. रिम वाकलीय, आन् चाकात माती गेलीय. ब्रेकवर उगा आळ घेताय, बाई."

"आणि मी चार दिवस चालत जातेय, त्याचं काय?"

ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "दम लागतो का?" मी नाही म्हटलं. "मंग चांगलंय की," म्हणत त्यांनी पुढची गोळी पुसायला घेतली.

सांगाल तेवढंच काम करायचं, हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. एकदा कारखान्यातले एक सुपरवायझर घाईघाईने आले. शिफ्ट गाठायची होती, नुसती हवा भरून हवी होती. मिस्त्रींनी टायर दाबून पाहिला आणि पंप बाजूला ठेवला. टायर आतून फाटला होता.

"राव, टायर तुमचा आहे का माझा?" सुपरवायझर तापले.

"टायर तुमचाच हाय. पर हवा माझी हाय."

ते गृहस्थ सायकल ढकलत गेले ते पुन्हा आले नाहीत. आम्ही बाकीचे मात्र, मी काय, दवाखान्यातल्या नर्सबाई काय, चरफडत पुन्हा तिथेच जात होतो. कारण एकदा त्यांच्या हातून सुटलेली सायकल वर्षभर तक्रार करत नसे.

दुसऱ्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती. त्यासाठी शाळाखात्याचे साहेब तपासणीला येणार होते. सायकल मी आठवडाभर आधीच चेनच्या कामाला टाकली होती. आदल्या संध्याकाळी गेले तर तयार होऊन भिंतीला टेकलेली. मी हात घातला तोच मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आजची रात. तेल मुरू द्या."

सकाळी गेले तर भिंत मोकळी.

"नर्सबाई घेऊन गेल्या," मिस्त्री म्हणाले. "रावेतला बाई अडलीय. पहाटं माणूस आला."

"पण त्यांची स्वतःची सायकल आहे ना?"

त्यांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. नर्सबाईंची सायकल तिथे सुटी होऊन पडली होती. "बारा दिस झालं," ते हळूच म्हणाले. मिस्त्रींचे हात रिकामे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"तुमच्या त्या 'बघू'पायी माझी नोकरी जाईल," मी म्हटलं आणि चालायला लागले.

शाळेत पोचले तेव्हा साहेब माझ्या खुर्चीवर बसून हजेरी तपासत होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. शेरेबुकात 'वेळेवर हजर नाही' असं लिहिलं, आणि माझं कायम होणं वर्षभर लांबलं.

संध्याकाळी सायकल आमच्या दारात होती, लख्ख पुसलेली. नर्सबाईंकडून कळलं, मूल पायाळू होतं, पण आई आणि मूल दोघंही सुखरूप. शेऱ्याचं मी त्यांना सांगितलं. आता रागवायचं तरी कुणावर? तरीही राग गेला नाही. आठवडाभर मी शेडवरून तोंड फिरवून जात राहिले.

मग एक दिवस शेड बंद दिसली. दुसऱ्या दिवशीही बंद, तिसऱ्याही. नर्सबाई म्हणाल्या, "मिस्त्री पुण्याला जाऊन बसलेत. तुमच्या शाळाखात्याच्या हापिसात." चौथ्या दिवशी शेड उघडली तशी मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"काय म्हणाले साहेब?"

"भेटलं न्हाईत. कारकुनाला सांगितलं, बाईंचा दोष न्हाई, सायकल म्या दिली. तो बघू म्हनला. तीन दिस बाकड्यावर बसलो, तीन दिस बघूच म्हनला." त्यांनी चाक फिरवून थांबवलं. "लई वाईट शब्द हाय, बाई."

मला हसू फुटलं. ते हसले नाहीत.

साठीला आलेल्या माणसाची जीभ काही वळली नाही. शब्द तोच राहिला. पण नर्सबाईंची सायकल आली की हातातलं काम ठेवून ते आधी ती घेत, आणि कुणी कुरकुरलं तर ऐकून घेत. पुढच्या वर्षी माझी नोकरी कायम झाली.

चौथ्या वर्षी यजमानांना मिरजेला काम मिळालं. निघायच्या आधीच्या रविवारी मिस्त्रींनी मला सायकल घेऊन शेडमध्ये बोलावलं, गोणपाट अंथरलं आणि माझ्यापुढे पाना ठेवला.

"खोला."

"मी?"

"तिकडं माझ्यासारखा कुनी भेटला तर काय करशीला? सोताला याया पायजे."

दुपारभर त्यांनी मला चाक काढायला आणि बसवायला लावलं. चार-पाच गिऱ्हाइकं ताटकळत होती, त्यांच्याकडे ते बघतही नव्हते. दोनदा माझं चुकलं. दोन्ही वेळा त्यांनी सगळं पुन्हा सुटं केलं. तिसऱ्या वेळी चाक सरळ फिरलं. आपोआप थांबेपर्यंत ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "न्या आता."

ती आमची शेवटची भेट. मी पायांवर वाकू लागले तर ते मागे सरले. "हात काळं हायत माझं," म्हणाले. माझेही काळेच होते. तशाच हातांनी आम्ही एकमेकांना नमस्कार केला.