भोसेकर काही लपवत नसत

माझ्या वेलचेरीतल्या भाड्याच्या घरात भागीदारीनं राहायचं म्हणून भोसेकर जागा बघायला आले, तेव्हा त्यांनी ना भाडं विचारलं ना पाण्याचं. "शौचालयं किती?" एवढंच विचारलं. दोन आहेत म्हटल्यावर सुटकेस आत ठेवली आणि मग नाव सांगितलं.

माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, एकटे, मूळचे कराडचे. गिंडीतल्या एका लहान कारखान्यात ते ड्रॉइंगं करत. मोठ्या आतड्याला जुनी सूज होती. ती मधूनच उसळायची, रक्त पडायचं. हे त्यांनी पहिल्याच जेवणात, आमटी वाढता वाढता सांगून टाकलं. माझा घास हातातच राहिला, तेव्हा म्हणाले, "पोटाचं आहे रे, प्रेमाचं नाही. लपवायचं काय त्यात?" शेअर ऑटोवाल्यालाही ते बिनदिक्कत तमिळमध्ये सांगत, "अण्णा, वयिरु सरियिल्ल," म्हणजे पोट ठीक नाही, आणि तो मुकाट्यानं जवळच्या हॉटेलापाशी थांबे. पोट त्यांचं बिघडलेलं आणि मेल्याहून मेल्यासारखं मला होई.

एकदा सूज अशी उसळली की दहा दिवस ते अंथरुणातच. पोटावर आमचं इतकं लक्ष, की डावी पोटरी सुजून गरम झाली तरी पडून राहिल्यानं झालं असेल असंच दोघांना वाटलं. मी खोबरेल कोमट केलं आणि चांगला अर्धा तास पाय चोळून दिला, घरी आई माझ्या वडिलांना द्यायची तसा. त्यांनी डोळे मिटले. "आई गेल्यावर असा पाय कुणी चोळला नव्हता," म्हणाले.

सकाळी त्यांना श्वास घेववेना. इस्पितळात डॉक्टरबाईंनी समजावलं, आतडं सुजलेलं असताना रक्त गोठण्याची भीती वाढते. पायात गाठ झाली होती, ती सुटून फुफ्फुसात गेली आहे. मग त्यांनी विचारलं, "पाय कुणी चोळला होता का?"

भोसेकरांनी ऑक्सिजनचा मास्क जरा वर केला. "नाही. कुणी हातही लावला नाही."

तिसऱ्या दिवशी ते गेले. मग मी बाईंना खरं सांगितलं. "चोळायला नको होतं," त्या म्हणाल्या. "पण गाठ न चोळताही सुटते. तुमच्यामुळेच सुटली, असं मी नाही सांगू शकत." माझ्यामुळे नाही, असंही त्यांना सांगता आलं नाही.

स्वतःचं काहीही न लपवणाऱ्या त्या माणसानं माझं तेवढं झाकलं. मला त्यांची फार आठवण येते. अजूनही कुठं जेवायला गेलो की आधी शौचालय बघून ठेवतो आणि त्याच्या जवळच्या टेबलाशी दोघांची जागा धरून बसतो.