सकाळी न उठलेली पानं

आमची विहीर सामाईक. एक दिवस माझी पाळी, एक दिवस धाकट्या भावाची. भाऊ टेम्पोवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. त्याचं रान भावजयच बघायची. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून घरातही ती मला सरच म्हणते.

बेल्ह्याकडे उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात. गेल्या उन्हाळ्यात तिच्या टोमॅटोनं भर दुपारी माना टाकल्या. पाळी तिचीच होती. मोटरच्या पेटीची किल्ली माझ्याकडे, ती मागायला आली.

"पाणी नको देऊ," मी म्हणालो. "पानांना बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं. पाणी कमी पडलं की झाड ती मिटून घेतं. मग आतलं पाणी वाफ होऊन जात नाही. झाड आपलं आपण सांभाळतं."

"म्हंजी सासरी आल्यावर मी तोंड मिटलं तसं?" ती हसली. "बरं, सर म्हणत्यात तर ऱ्हाऊ द्या."

त्या दिवशीचं पाणी मी माझ्या मिरचीला दिलं. तिच्या पुढच्या पाळ्यांनाही तेच.

सांगितलं ते खरं, पण अर्धं. तोंडं मिटल्यावर हवाही आत येत नाही आणि झाडाला अन्न बनवता येत नाही. दुपारी झुकलेलं झाड संध्याकाळी उठलं तर ठीक. सकाळीही तसंच असेल तर ते तहानलेलं. हे मी वर्गात शिकवलेलं. रोज सकाळी तिच्याच बांधावरून फिरायला जायचो. पानं लोंबलेली दिसायची. मी दुसरीकडे बघत पुढे जायचो.

फुलं गळाली. भाऊ आला, रान बघून माझ्यासमोरच तिला म्हणाला, "तुला न्हाई जमायचं. वाट्यानं देऊ कुणाला." तिनं माझ्याकडे बघितलं. मी चहा पीत राहिलो.

यंदा रान वाट्यानं घ्यायला एक जण आला. "आमच्या बाईमाणसाला पीक राखता आलं न्हाई," भाऊ त्याला सांगू लागला. मला ऐकवेना.

"तिनं नाही, मी घालवलं," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

"येतो राव मी," म्हणत पाहुणा चपला शोधू लागला.

भावजय दारातून म्हणाली, "सर, उद्या पाळी कुणाची?"

"तुझी."

तिनं हात पुढे केला. किल्ली माझ्या करदोड्याला बांधलेली. गाठ जुनी, सुटता सुटेना. तिनं हात मागं घेतला नाही.