बाबा आणि उपाशी व्हॅम्पायर

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी महिनाभर माहेरी राहिले. नागझिऱ्यात कित्येक वर्षं पर्यटकांना जंगल दाखवत फिरलेला माणूस पलंगावर पडून चिडचिडा झाला होता. एका दुपारी त्यांचं मन रमावं म्हणून मी मोबाइलवर रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरची जपानी अ‍ॅनिमे कार्टून मालिका लावली, हिंदी आवाजातली. मीही ती पहिल्यांदाच बघत होते. रक्त दिसलं की बाबा बंद करायला सांगतील, असं मला वाटत होतं.

व्हॅम्पायर शेकडो वर्षांचा, पण चेहरा कोवळा. खिडकीच्या पडद्याआडून तो रस्त्यावरची माणसं बघत होता.

"हा दिवसा काऊन नाही निंगत?" बाबांनी विचारलं.

"उन्हात गेला का जळते तो, बाबा."

पुढे तो एका मुलीच्या मानेवर झुकला, क्षणभर थांबला आणि उपाशीच मागे फिरला. बाबा उशीला टेकून नीट बसले.

"पोट भरलं का वाघही सोडून देते," ते म्हणाले. "यानं उपाशी राहून सोडलं. लय कठीण काम हाय ते."

मला तोवर नुसते दात दिसले होते. मी व्हिडिओ मागे नेऊन तो प्रसंग पुन्हा पाहिला, आणि या वेळी मला त्याचे थरथरणारे हात दिसले.

भाग संपल्यावर मी मोबाइल उचलला.

"थांब ना," बाबा म्हणाले, "त्या पोरीले समजलं का नाही, ते तं पाहू दे!"

दिवेलागणीपर्यंत आमचे तीन भाग बघून झाले. बाबा त्या दिवशी एकदाही चिडले नाहीत.