सोवळी धुरपदा

गावानं माझ्या आईला, धुरपदाबाईला, सोवळी ठरवून टाकलं होतं. गावाचं काय, उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बाहत्तरच्या दुष्काळात वडील, आबाराव, सोसायटीच्या गोदामाचे राखणदार होते. एकीकडं मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीची पोती, दुसरीकडं कीड मारायची विषारी पावडर. एकदा ती पावडर सांडली. आईनं हातानं गोळा केली, हात धुतले आणि घरी येऊन भाकरी थापल्या. आम्ही खाल्ल्या, कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवशी भीती तिच्या हातांना चिकटली ती चिकटलीच.

विहिरीच्या तळाचं पाणी वाटीनं भरून आणायची आणि हातांवर ओतायची. कातडी फुटली तरी राखेनं घासायची. मी लहान होते. जवळ गेले की ओरडायची, "अयोध्या, शिवू नगस! मरशील!" भाकरी लांबून टाकायची. तिनं मला कुशीत घेणं सोडलं, आणि बायका म्हणायच्या, "लई सोवळी बाई!" त्या शब्दाचा मला अजून संताप येतो.

आजी म्हणाली, देवीचा कोप आहे. वडिलांनी आईला तुळजापूरला नेऊन गोमुखाखाली उभं केलं. धुण्यातून जिची सुटका नव्हती, तिला वाहत्या पाण्याखाली! ती हात चोळतच राहिली. मागं लोक खोळंबले, ओरडू लागले. ओठ निळे पडले तरी हलेना. वडिलांनी ओढून बाहेर काढलं तेव्हा रडत म्हणाली, "आजून गेलं न्हाय ओ." ते रडणं मला अजून ऐकू येतं.

वडील घाबरले. तिथूनच त्यांनी सोलापूरची एस.टी. धरली. मनाच्या आजाराच्या डॉक्टरांनी आईला विचारलं, "हाताला विष आहे, हे खरं वाटतं तुम्हाला?"

आईनं हात पदराखाली घेतले. "न्हाय, साहेब. कळतंय मला. पर धुतल्याबिगर जीव ऱ्हात न्हाय."

हे तिला आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टर वडिलांना म्हणाले, "विचार खोटा आहे हे कळूनही तो सुटत नाही, सगळा दिवस खातो, लेकराला लांब करतो, तेव्हा हा आजार असतो. वाट बघत बसू नका." त्यांनी गोळ्या दिल्या, आणि धुवावंसं वाटलं तरी थोडं थोडं थांबायला शिकवलं. आई सावरली. पण भीती पुरती गेली नाही, उंबऱ्याबाहेर बसून राहिली.

पुढं लग्नानंतर मी बाळंतपणाला माहेरी आले. बाळ झालं आणि मी त्याची वाटी-चमचा उकळायची, पुसायची, पुन्हा उकळायची. माझ्या हातून बाळाला काहीतरी होईल, असं सारखं मनात यायचं. बाळ भुकेनं रडायचं आणि मी चुलीपुढून उठत नव्हते. शेजारीण कौतुकानं म्हणाली, "आईवर गेली."

आई दारातून बघत होती. सकाळी बाळ काखेत घेऊन तिनं मला एस.टी.त बसवलं.

तुळजापूरला गाडी थांबली. सवयीनं मी उतरायला उठले. आईनं त्या भेगाळ हातानं माझं मनगट धरलं.

"बस खाली. आदी सोलापूर. देवीला मागनं येऊ, ती काय रागवत न्हाय."

सोलापूर येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.